मम

सत्यनारायणाला पाटावर बसले की गुरुजी भरभर काहीतरी म्हणत जातात, मध्येच थांबतात आणि आपल्याकडे पाहून सांगतात, "म्हणा, मम." मी म्हणतो, "मम." आपण कशाला रुकार दिला, आपल्या नावावर कोणता संकल्प सुटला, पळीभर पाण्याबरोबर आपले काय काय ताम्हनात पडले, याची चौकशी मी आजवर एकदाही केलेली नाही. पुढे पुढे तर माझी इतकी तयारी झाली, की गुरुजी नुसते श्वास घ्यायला थांबले तरी मी 'मम' म्हणून मोकळा होतो. आमच्या सौभाग्यवतींचे म्हणणे असे, की मी पाटावरून उठलो तरी ते चालूच असते.

यात खोटे काही नाही. न्हावी पाठीमागे आरसा धरून "ठीक आहे ना साहेब?" असे विचारतो, तेव्हा मानेवर काहीही झालेले असो, मी "झकास" म्हणतो. (आणि म्हणायचे तरी काय? केस परत लावून द्या?) गाण्याच्या बैठकीत मीही "वा!" म्हणतो, पण पहिल्या रांगेतल्या जाणकारांच्या नंतर, साधारण पाव सेकंदाने. एकदा पुढचे गृहस्थ पाठीत उसण भरली म्हणून "हाय हाय" करत उठले आणि माझी दाद त्यांच्या मागोमाग गेली. गवयाने त्यानंतर तंबोरा लावून घेण्याचे निमित्त करून माझ्याकडे जे पाहिले, ते मी अजून विसरलेलो नाही.

आम्ही जुन्या जालन्याचे. बाहेरच्यांना जालना हे एक गाव वाटते. तसे ते नाही. कुंडलिकेच्या या काठाला जुना जालना, त्या काठाला नवा. मध्ये नदी आहे, म्हणजे पावसाळ्यात असते. 'जालना, सोने का पालना' असे दोन्ही काठांवरचे लोक सांगतात. मीही पाहुण्यांना सांगतो. तो पाळणा कुठे टांगला होता, हे कुणी मला सांगितलेले नाही आणि मी विचारलेलेही नाही. बापाने सांगितले, आजाने सांगितले, आपण 'मम' म्हटले. आता गावाची ओळख बियाण्यांची आणि लोखंडी सळयांची. पण सळयांच्या पाळण्याचे यमक काही जुळत नाही.

या काठावरची मते साधारणपणे गांधी चमनपाशी जन्माला येतात, कचेरी रोडने चालत जातात आणि शनिमंदिरापाशी पोचेपर्यंत त्यांचा इतिहास झालेला असतो. एखाद्याने वाटेत त्यांना अडवावे असे कुणाला वाटत नाही, कारण अडवणाऱ्याचे पुढे काय होते ते सगळ्यांनी पाहिलेले असते. मी तर फार जवळून पाहिले. आमच्याच गल्लीत, आमच्या घरापासून तिसऱ्या दारात, तसा एक माणूस राहत होता. आमच्याच शाळेत विज्ञान शिकवत असे. मुले त्याला 'प्रयोगसर' म्हणत, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. मी भूगोल शिकवीत असे. भूगोलात बंडखोरीला फारसा वाव नसतो. भीमा आग्नेयेला वाहते म्हटले की वाहते.

प्रयोगसरांचे एक उदाहरण देतो. जालन्याचे पाणी हा विषय नवख्याला समजायचा नाही. आठ-आठ, दहा-दहा दिवसांनी नळ येणार, तोही केव्हा येईल ते नळालाच माहीत. २०१२-१३च्या दुष्काळात तर घाणेवाडीच्या तलावाने तळ दाखवला. अशा गावात एका काकूंनी दारात घागर ठेवली की काय होते? शेजारीण बादली ठेवते. समोरच्या मावशी टिपाड लोटत आणतात. दहा मिनिटांत सबंध गल्ली भांड्यांनी भरून जाते आणि तासाभराने कळते, की पहिल्या काकूंनी घागर नुसती वाळत ठेवली होती.

प्रयोगसर दारात उभे राहून हसत. "अहो, नगरपालिकेचं पत्र आलं की काय तुम्हाला? चौकशी तरी करा आधी!" त्यांची बादली घरात. असे दहा वेळा झाले. दहाही वेळा तेच खरे ठरले आणि आम्ही रिकाम्या घागरी उचलून आत नेल्या. अकराव्या वेळी पाणी आले! पाऊण तास धो धो आले. तेव्हा प्रयोगसर कुणाच्या तरी वर्गाला गेलेले. मोटर सायकलवरून ते परत आले तेव्हा गल्लीत चिखल होता आणि त्यांच्या घरी कळशीभर पाणी नव्हते. समोरच्या मावशी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "कामून सर, पत्र न्हाई आलं का तुमास्नी?" त्या दिवशी त्यांना सर्वांनी एकेक बादली दिली. ती देताना प्रत्येकाच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, तो नुसत्या दानधर्माचा नव्हता.

तेव्हा दहांच्या मागून जाणारे लोक मूर्ख असतात, असे मला म्हणायचे नाही. दहांपैकी एखाद्याला काहीतरी ठाऊक असेल, हा हिशेब बरेचदा बरोबर येतो. अनोळखी स्टेशनावर उतरल्यावर गर्दी जिकडे जाते तिकडे मी जातो आणि बहुतेक वेळा बाहेर पडतो. (एकदा मालधक्क्यावर पोचलो होतो. पण सगळेच पोचल्यामुळे वाईट वाटले नाही.)

पण मला सांगायची आहे ती गोष्ट पाण्याची नाही, दुधाची आहे.

२१ सप्टेंबर १९९५. गुरुवार. पितृपक्ष चालू होता. म्हणजे गच्चीवर पान ठेवून "का का" करून घसा बसला तरी एक कावळा शिवत नाही असे दिवस. आणि सकाळी सकाळी बातमी आली, की दिल्लीत गणपती दूध पितो आहे. त्या काळी मोबाईल नव्हते, पण एसटीडी बूथ होते. ज्याच्या त्याच्या मेहुण्याने, साडूने, चुलत भावाने कुठून कुठून फोन करून सांगितले. दिल्लीत पितोय, मुंबईत पितोय, संध्याकाळपर्यंत तर लंडनमध्येही पितोय. आमच्या गवळ्याने त्या दिवशी पाणी न घालता दूध दिले, असे आई म्हणाली. सौभाग्यवतींच्या मते तो दिवसातला दुसरा चमत्कार.

"जा रे, तू पाजून ये. मग आम्ही जातो," आईने फर्मावले. वाटीत दूध दिले, चमचा दिला आणि देवाला फिके कसे द्यायचे म्हणून दुधात दोन चमचे साखर घातली. ही साखर लक्षात ठेवा.

देवळापुढे रांग होती. तिच्यात कोण नव्हते? डॉक्टर होते, वकील होते, बँकेचे साहेब होते. माझ्या पुढे दहावी 'ब'चे दोघे होते, जे एरवी परीक्षेच्या दिवशीच देवळात दिसत. ज्याची पाळी होऊन जाई तो डोळे पुसत बाहेर येई आणि रांगेकडे पाहून म्हणे, "प्यायला!" रांग म्हणे, "प्यायला!"

माझी पाळी आली. गुरुजी म्हणाले, "काठोकाठ भरा. सोंडेला टेकवा. किंचित तिरका धरा." मी टेकवला. चमच्यातले दूध हळूहळू कमी होऊ लागले. अंगावर काटा आला, हे मी कबूल करतो. आणि त्याच वेळी उजव्या पायाच्या अंगठ्याला गार लागले. खाली पाहिले. मूर्ती पांढऱ्या संगमरवराची. तिच्या सोंडेवरून, पोटावरून, मांडीवरून दुधाचा पांढऱ्यावर पांढरा पातळ ओघळ उतरत होता. तो खाली पाटावर, पाटावरून माझ्या अंगठ्यावर आणि तिथून मोरीच्या दिशेने चालला होता. मोरीच्या तोंडाशी एक मांजर बसले होते. त्या दिवशी दूध पिताना मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला तो एकमेव जीव.

मागे दोनशे माणसे. गुरुजींनी विचारले, "काय सर?"

मी म्हणालो, "प्यायला."

भीतीने म्हणालो असे म्हणावे तर मला कुणी धमकावलेले नव्हते. मांजर न दिसले असते तर मी ते मनापासूनच म्हटले असते. गंमत अशी, की मांजर दिसल्यावरही क्षणभर मला वाटले, काही सांडले असेल, पण काही प्यायलाही असेल. दोनशे माणसांना आणि एका अंगठ्याला, दोघांनाही न दुखावणारा असा तोडगा माझ्या डोक्याने आपणहून काढला होता.

शाळेत पोचलो तर स्टाफरूम फुललेली. हेडसरांनी अर्ध्या दिवसाची सुट्टी दिली होती. प्रयोगसर मात्र टेबलापाशी उभे. पुढ्यात म्हशीचे दूध, चमचा आणि पोटॅशियम परमँगनेटची बाटली. मूर्ती आणायची सोय नव्हती म्हणून त्यांनी कपाटावरचा गांधीजींचा प्लास्टरचा अर्धपुतळा खाली उतरवला होता.

"पाहा हं," ते म्हणाले. "काठोकाठ भरलेल्या चमच्यात दुधाला फुगवटा येतो. पृष्ठताण. तो फुगवटा दगडाला टेकला की दूध दगडाला चिकटतं, पातळ पापुद्र्यासारखं पसरतं आणि स्वतःच्या वजनानं खाली ओघळतं. चमचा तिरका धरला की बाकीचं त्याच्या मागं. पांढऱ्यावर पांढरं, म्हणून दिसत नाही. आता हे गुलाबी केलं."

चमचा गांधीजींच्या ओठाला लावला. चमचा रिकामा झाला. हनुवटीवरून छातीपर्यंत गुलाबी ओघळ आला. सगळीकडे शांतता.

मग संस्कृतचे सर सावकाश म्हणाले, "गांधीजी तरी काय सामान्य होते का? त्यांनीही घेतलं असेल."

"दूध कशाचं आहे?" ड्रिलच्या सरांनी विचारले.

"म्हशीचं."

"मग नाही घेणार. बापूंना गाई-म्हशीचं वर्ज्य होतं. शेळीचं घेत."

यावर चर्चा इतकी रंगली, की पृष्ठताण बाजूलाच राहिला. प्रयोगसर चमचा धरून उभे. ते चिडलेले नव्हते. दिल्लीत त्याच दिवशी सरकारी शास्त्रज्ञांनी दुधात रंग घालून हेच करून दाखवले होते, महाराष्ट्रात अंधश्रद्धा निर्मूलनवाले हेच सांगत होते. पण ते कुणी आमच्या स्टाफरूममध्ये नव्हते. स्टाफरूममध्ये त्यांना ओळखीचा असा एकच होता. ते माझ्याकडे वळले. "सर, तुम्ही सकाळी जाऊन आलात. खरं सांगा, दूध गेलं कुठं?"

चौदा चेहरे माझ्याकडे. माझ्या उजव्या पायाला मघापासून काहीतरी चावत होते. मी तो दुसऱ्या पायावर घासला आणि म्हणालो, "प्यायला."

प्रयोगसरांनी मान हलवली. चमचा धुतला. गांधीजींना ओल्या फडक्याने पुसून कपाटावर ठेवले. झाले. भांडण नाही, अबोला नाही. संध्याकाळी ते नेहमीप्रमाणे माझ्याकडे पेपर मागायला आले. दुसऱ्या दिवशी गणपतीने दूध पिणे बंद केले. गावही आपापल्या कामाला लागले.

पुढे बऱ्याच वर्षांनी मुलगी कॉलेजात मानसशास्त्र घेऊन बसली. तिचे पुस्तक मी चाळत होतो. त्यात सॉलोमन अ‍ॅश नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाचा, १९५१ सालचा प्रयोग होता. सात-आठ जण एका खोलीत. समोर एक रेघ, शेजारी तीन रेघा. कोणती तितक्याच लांबीची ते सांगायचे. लहान मुलालाही जमेल असे. पण त्यांच्यात खरा परीक्षार्थी एकच. बाकी सगळे पढवलेले, ते एकमुखाने चुकीची रेघ सांगणार. या पठ्ठ्याने काय करावे? दर चार जणांतल्या तिघांनी कधी ना कधी डोळ्यांना दिसणारे सोडून जमावाची रेघ खरी मानली. एक जण मात्र शेवटपर्यंत हलला नाही. हा अ‍ॅश पोलंडात जन्मला होता. लहानपणी त्यांच्या सणाला प्रेषित एलायजासाठी द्राक्षारसाचा एक जादा पेला भरून ठेवत. पोराने विचारले, खरेच पितो का? काका म्हणाला, बघत राहा. पोर बघत राहिले आणि पेल्यातली पातळी किंचित खाली गेल्यासारखे त्याला वाटले. पोलंड काय आणि जुना जालना काय! तो निदान सात वर्षांचा होता. मी चाळीस.

इथपर्यंत मला बरे वाटत होते. चारांतल्या तिघांत आपण आहोत, म्हणजे बहुमतात आहोत. आपल्याकडच्या थोरांचीही आठवण झाली. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये टिळक-रानड्यांसारख्या मंडळींपुढे चहा आला. काही तो प्यायले, काहींनी कप नुसता हातात धरून खाली ठेवला. पुढे त्यावरून पुण्यात केवढे ग्रामण्य माजले! शेवटी रानड्यांसारख्या माणसानेही स्नेह्यांची अडचण नको म्हणून प्रायश्चित्त घेतले. मी तिथे असतो तर कप नुसता हातात धरणाऱ्यांत असतो आणि प्रायश्चित्तालाही पहिला.

पण पुस्तकाचे पान उलटले आणि पंचाईत झाली. अ‍ॅशने पुढे असे केले, की त्या एकट्याला एक साथीदार दिला. खोलीत एकच जण खरे बोलणारा. तेवढ्यानेच त्याच्या चुका चौथाईवर आल्या. मग साथीदाराला अर्ध्यातून काढले. दोन तऱ्हांनी काढले. एका खेपेला तो काही कामाचे निमित्त सांगून खोलीबाहेर गेला. तो गेल्यावरही त्याचा धीर मागे पुरून उरला. दुसऱ्या खेपेला साथीदार खोलीतच राहिला, पण उलटून जमावाच्या बाजूने बोलू लागला. तेव्हा एकटा पडलेला गडी धाडदिशी जमावाला जाऊन मिळाला.

म्हणजे त्या दिवशी मी किरकोळ रजेवर असतो तरी चालले असते.

पुस्तक मिटले आणि मला एक जुनी मीटिंग आठवली. दुधानंतरच्या उन्हाळ्यातली. एका मुलाला वर चढवायचे होते. मुलगा कुणाचा कोण होता ते सोडा. गुण वाढवून द्यायचे ठरलेलेच होते, फक्त सह्या व्हायच्या होत्या. अशा कागदावर प्रयोगसर नेहमी सहीखाली 'असहमत' लिहीत. बारीक अक्षरात, पण लिहीत. आम्ही त्याला हसत असू. कागद माझ्याकडून पुढे त्यांच्याकडे गेला. त्यांनी पेन उघडले. माझ्या सहीकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, आणि नुसती सही केली. मला तेव्हा बरेच वाटले होते. म्हटले, चला, सर माणसांत आले! त्यानंतर त्यांनी 'असहमत' लिहिलेले मला आठवत नाही. निवृत्त होताना हेडसरांनी निरोपाच्या भाषणात त्यांच्या मनमिळाऊ स्वभावाचा खास उल्लेख केला. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो.

आता आम्ही दोघेही पेन्शनर. संध्याकाळी मोती तलावाकडे फिरायला जातो. तिथल्या बाकावर आमच्यासारखे आठ-नऊ जण जमतात. देशापुढच्या प्रश्नांवर तिथे अजून मतभेद झालेला नाही. परवा बाकीचे यायच्या आधी आम्ही दोघेच होतो. मी घसा खाकरला. सत्तरीच्या माणसाने हे आता बोलायचे म्हणजे जरा अवघडच, पण बोललो.

"सर, ते पंच्याण्णव सालचं दूध. प्यायला नव्हता. सांडलं होतं. माझ्या अंगठ्यावर पडलं होतं."

प्रयोगसर पाण्याकडे पाहत होते. "माहीत आहे," ते म्हणाले.

"कसं काय?"

"स्टाफरूममध्ये तुमच्या उजव्या चपलेला मुंग्या लागल्या होत्या. गोड होतं ना दूध?"

"आईनं साखर घातली होती." मी जरा वेळाने विचारले, "मग तेव्हाच मुंग्या का नाही दाखवल्यात सगळ्यांना?"

"वाटलं, तुम्हीच सांगाल."

एवढ्यात बाकीची मंडळी आली. चहावाला पोरगा किटली घेऊन आला. सगळ्यांना चहा मिळाला. "फक्कड!" वकीलसाहेब म्हणाले. "फर्स्टक्लास!" बँकेचे साहेब म्हणाले. तीन-चार जणांनी मिशा पुसत माना हलवल्या.

"साखर घालायची राहिलीय," प्रयोगसर म्हणाले. गेल्या कित्येक वर्षांत त्यांचा असा आवाज मी ऐकला नव्हता.

"छे हो सर, चांगला गोड आहे!" सगळे एकदम म्हणाले, आणि मग, मी आजवर ज्या बाजूने असतो त्या बाजूला जमेस धरायचे म्हणून, माझ्याकडे वळले. प्रयोगसरांनीही पाहिले.

मी पुन्हा एक घोट घेतला, आणि या खेपेला तो गिळायच्या आधी जिभेवर जरा घोळवला.